कॉम्प्युटरचं घड्याळ का चुकतं?



मागच्या भागात प्रिंटरबद्दल बोलले, तेव्हा म्हटलं होतं की कॉम्प्युटरची आणखी काही दुखणी असतील तर केंद्रावर चिठ्ठी टाका. चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या चार तर एकाच दुखण्याच्या आहेत, फक्त चौघींनी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलंय. एक म्हणते, "ताई, सकाळी कॉम्प्युटर लावला की २०१४ साल दाखवतो." दुसरी म्हणते, "इंटरनेट चालू आहे, पण एकही वेबसाइट उघडत नाही, लाल अक्षरात धोका म्हणून येतं." तिसरीला तिच्या भाच्यानं सांगितलंय की व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल. आणि चौथीचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे असतं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

या चारही चिठ्ठ्या घड्याळाच्या आहेत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात वेळ असते ना, तिच्याकडे आपण कधी बघतच नाही. वेळ बघायला मोबाइल असतो, भिंतीवर घड्याळ असतं. पण कॉम्प्युटरचं सगळं काम त्या कोपऱ्यातल्या वेळेवर चालतं. पावतीवरची तारीख तिथूनच येते. एक्सेलमध्ये व्याजाचे दिवस मोजायला 'आजची तारीख' असं सूत्र घातलेलं असतं, ते तिथूनच घेतं. ती वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि ते चुकलंय हे कुणी सांगायला येत नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक बंद असताना चालणारं आणि एक चालू असताना चालणारं.

बंद असताना चालणारं घड्याळ मदरबोर्डवर असतं. मदरबोर्ड म्हणजे डब्यातली ती मोठी हिरवी किंवा काळी पाटी, जिच्यावर सगळे भाग बसवलेले असतात. या घड्याळाला वीज मिळते ती एका छोट्या चपट्या सेलमधून. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा सेल, त्याच्यावर 'सीआर २०३२' असं लिहिलेलं असतं. त्या आकड्याचा अर्थ सोपा आहे: २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा असतो. वजन काट्याला, गाडीच्या रिमोटच्या चावीला पुष्कळदा हाच सेल लागतो.

त्या घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक असतो, आपल्या मनगटी घड्याळात असतो तसाच. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का, तर तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. म्हणजे एक सेकंद. हातात कॅल्क्युलेटर असेल तर करून बघा, मुलांना फार गंमत वाटते.

दुसरं घड्याळ चालू असतानाचं. आपण बटण दाबलं, विंडोज सुरू झालं, की ते मदरबोर्डवरच्या घड्याळात एकदा डोकावतं, वेळ वाचून घेतं, आणि तिथून पुढे स्वतःच मोजत राहतं. त्यासाठी बोर्डवर आणि प्रोसेसरमध्ये वेगळे टायमर असतात. म्हणजे सकाळी घरातून निघताना भिंतीवरचं घड्याळ एकदा बघायचं आणि मग दिवसभर हातातल्या घड्याळावर चालायचं, तसं. भिंतीवरचं चुकलं असेल तर निघतानाच चूक होते. हातातलं चुकत असेल तर निघताना ठीक असतं आणि संध्याकाळपर्यंत फरक पडतो. सगळं निदान या एवढ्या फरकावर उभं आहे, म्हणून जरा लांबवून सांगितलं.

पूर्वी हे पहिलं घड्याळ नव्हतंच. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तो दर वेळी सुरू झाला की माणसालाच विचारायचा, आज तारीख काय, वेळ काय. टाइप करून सांगावी लागे. १९८४ साली त्यांच्याच पुढच्या यंत्रात सेलवर चालणारं घड्याळ बसलं, आणि तेव्हापासून आपण तारीख सांगायचं सोडलं. आता सेल संपला की कॉम्प्युटर पुन्हा १९८१ सालात जातो, फक्त विचारायचं सौजन्य तो दाखवत नाही. स्वतःच काहीतरी तारीख धरून बसतो.

आता सेल संपतो कसा, ते सांगते, कारण इथे आपल्याकडची एक सवय येते. डेस्कटॉप कॉम्प्युटर बंद केला पण बोर्डावरचं बटण चालू ठेवलं, तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्या वीजेवर चालतं, सेल जवळजवळ खर्चच होत नाही. आपण मात्र रात्री सगळी बटणं बंद करतो. विजा, कमीजास्त होणारा दाब, उंदीर, बिल, सगळ्याची भीती असते, आणि ती रास्त आहे. मी बटण चालू ठेवा असं मुळीच सांगणार नाही. पावसाळ्यात तर प्लगच काढून ठेवा. फक्त लक्षात असू द्या की मग रात्रभर घड्याळ सेलवर असतं, आणि सेल साधारण तीन ते पाच वर्षांत, काही बोर्डांवर त्याहून उशिरा, संपतो. कॉम्प्युटर सहा-सात वर्षांचा झाला आणि सेल कधीच बदललेला नाही, तर घड्याळाची तक्रार येणारच.

संपलेला सेल दोन तऱ्हेनं वागतो. पूर्ण मेला असेल तर सोपं आहे: रोज सकाळी तीच ती जुनी तारीख, १ जानेवारी आणि बोर्ड बनला त्या सुमाराचं कुठलं तरी साल. सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काही ओळी येतात, 'सीमॉस चेकसम एरर' किंवा 'डेट अँड टाइम नॉट सेट', आणि एफ-वन दाबायला सांगतात. हे निदान कुणीही करेल.

दुसरी तऱ्हा फसवी आहे. सेल मेलेला नसतो, अर्धमेला असतो. तारीख लक्षात ठेवण्याइतका जीव असतो, पण घड्याळ चालवण्याइतका नसतो. रात्री बटण बंद केलं की घड्याळ थांबतं आणि सकाळी जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. साल बरोबर, महिना बरोबर, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसंघात हेच झालं. गावाचं नाव सांगत नाही. हिशोब लिहिणारी बाई बारावी झालेली, कामाला चोख. ऑफिस रोज अकरा ते पाच, म्हणजे कॉम्प्युटर सहा तास चालू आणि अठरा तास बंद. इंटरनेट नव्हतं, लागलं तर मोबाइलवरून. कर्जाचा तक्ता एक्सेलमध्ये केलेला: कर्ज कधी दिलं, किती दिलं, आणि आजच्या तारखेपर्यंत व्याज किती झालं ते आपोआप येतं. महिना दोन टक्के, दिवसावर मोजलेलं.

आता हिशोब करा. दिवसाला सहा तासच घड्याळ चालतंय. चोवीस दिवसांत किती चाललं? चोवीस सक एकशे चव्वेचाळीस तास, म्हणजे सहा दिवस. अठरा दिवस गेले कुठे, तर कुठेच नाही, ते मोजलेच गेले नाहीत. वीस हजारांच्या कर्जावर दोन टक्क्यांनी महिन्याचं व्याज चारशे रुपये, दिवसाला साधारण तेरा रुपये. अठरा दिवसांचे दोनशे चाळीस रुपये. त्या बायकांनी हप्ता भरला तेव्हा कॉम्प्युटरनं दोनशे चाळीस रुपये कमी सांगितले, बाईनं तेवढेच घेतले, पावती दिली. सगळं पावतीनुसार.

मग कुणीतरी येऊन तारीख हातानं नीट केली. झालं! पुढच्या महिन्यात तक्त्यानं ते बुडालेले दिवस एकदम मोजले आणि प्रत्येकीच्या नावावर दीड-पावणेदोन महिन्यांचं व्याज दिसायला लागलं. "महिन्याचा हप्ता भरलाय, मग हे वरचं कसलं? मागचे पैसे कुणी खाल्ले?" बैठकीत सरळ बोट दाखवलं गेलं. त्या बाईनं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, उद्यापासून मी येणार नाही.

मला बोलावलं ते कॉम्प्युटर बघायला. पण कॉम्प्युटर दुरुस्त करून त्या बाईवरचा आळ जाणार नव्हता. सेल बदलला तरी लोक म्हणणार, आता बदललाय, तेव्हाचं काय? म्हणून मी दोन गठ्ठे मागितले: पावत्यांच्या स्थळप्रती आणि बँकेचं पासबुक. गोळा झालेली रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची असा नियम होता आणि बाईनं तो पाळला होता. पासबुकातली तारीख बँकेची, तिच्यावर आपल्या कॉम्प्युटरचा काही परिणाम नाही. एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी लिहिलं: बँकेत भरणा अमुक तारखेला, पावती तमुक तारखेची. पहिल्या आठवड्यात फरक पाच दिवसांचा. दुसऱ्या आठवड्यात दहाच्या वर. महिनाअखेर अठरा. पावत्यांचे क्रमांक एकामागोमाग एक, कुठे फाटलेली नाही, गाळलेली नाही. रक्कम पावतीची आणि बँकेची तंतोतंत एक.

पैसे खाणारं माणूस असं खात नाही. ते कुठे तरी एकदम मोठी रक्कम उचलतं, किंवा पावतीच देत नाही. दर दिवशी पाऊण दिवस इतक्या शिस्तीनं मागे पडणं हे यंत्रालाच जमतं. अध्यक्षबाईंनी तो कागद बैठकीत वाचून दाखवला. राहिलेलं व्याज तीन हप्त्यांत घ्यायचं ठरलं. बाई कामावर परत आली, पण दोघीतिघींशी अजून बोलत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

तिथे आता एक साधी रीत आहे. सकाळी कॉम्प्युटर लावला की पहिलं काम, कोपऱ्यातली तारीख आणि वेळ वाचायची आणि हजेरीच्या वहीत लिहायची. शेजारी मोबाइलची वेळ. दहा सेकंदांचं काम आहे. आणि पावतीवर छापील तारखेखाली बाई पेनानं तारीख घालते. जिथे जिथे पैशाचे व्यवहार कॉम्प्युटरवर चालतात तिथे हे कराच असं मी सांगेन.

बरं, आता निदान घरच्या घरी कसं करायचं. एक दिवस लागतो, खर्च काही नाही. इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर ते मधेच वेळ सुधारून ठेवेल आणि आपल्याला काहीच कळणार नाही. दुपारी कॉम्प्युटरची वेळ मोबाइलशी जुळवा, मिनिट न मिनिट. तीन-चार तास चालू ठेवा, झोपवू नका, म्हणजे स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. संध्याकाळी पुन्हा मोबाइलशी ताडून बघा आणि लिहून ठेवा. मग नीट बंद करा, बोर्डावरचं बटण बंद करा, आणि सकाळी पुन्हा बघा.

संध्याकाळपर्यंत ठीक आणि सकाळी चूक, तर दोष सेलचा. शंभरातल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. संध्याकाळपर्यंतच काही मिनिटं गेली, तर सेल बदलून उपयोग नाही, कारण चालू असताना सेलचा काही संबंधच नसतो. दुकानदार सेल बदलून पैसे घेईल आणि दुखणं तसंच राहील.

चालू असताना घड्याळ का मागे पडतं? जुन्या यंत्रांत वेळ मोजायची रीत अशी होती की एक टायमर सेकंदाला अठरा-एक वेळा प्रोसेसरला टिचकी मारायचा आणि प्रोसेसर त्या टिचक्या मोजायचा. प्रोसेसर दुसऱ्या कामात फार गुंतला की काही टिचक्या मोजायच्या राहायच्या. चुलीवर दूध, दारात पाहुणे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, तेव्हा होतं तेच. आताच्या यंत्रांत मोजणारे आकडे आपोआप पुढे सरकत असतात आणि प्रोसेसर फक्त ते वाचतो, म्हणून हे पुष्कळ कमी झालंय. तरी होतं. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमीजास्त होतो, आणि काही जुन्या प्रोसेसरांमध्ये मोजणी त्याच वेगाला बांधलेली होती. लिनक्स असेल तर ते स्वतःच हे ओळखतं, त्या मोजणीवर विश्वास ठेवणं सोडतं आणि बोर्डावरचा दुसरा टायमर धरतं. विंडोजवर असलं काही दिसलं तर मदरबोर्डच्या कंपनीनं बायोसची नवी आवृत्ती दिली आहे का ते बघायचं, पण ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

इथे एक गोष्ट मुलांच्या आयांसाठी. गेम वेगात चालावी म्हणून मुलं व्हिडिओ बघून टायमरच्या सेटिंग बदलतात. कुणी सांगतं हा टायमर बंद करा, कुणी सांगतं सक्तीनं चालू करा. घड्याळ चालू असताना चुकायला लागलं आणि घरात असा गेमवाला असेल, तर आधी त्याला प्रेमानं विचारा.

एक लक्षात ठेवा, महिन्याला मिनिटभर फरक हा दोष नव्हे. त्या स्फटिकाचा स्वभावच तो आहे. उन्हाळ्यात आणखी थोडा मागे पडतो. स्फटिक साधारण पंचवीस अंशांना सर्वांत नीट चालतो, पत्र्याच्या खोलीत पंचेचाळीसवर गेलं की दिवसाला आणखी सेकंदभर गमावतो. विदर्भातल्या मैत्रिणींनी त्यावरून कॉम्प्युटर दुरुस्तीला नेऊ नये.

आता सेल बदलायचा कसा. डेस्कटॉपचा असेल तर आपण करू शकतो. सेल चांगल्या कंपनीचा, पाकिटबंद घ्या. वीस-पन्नास रुपयांचं काम आहे. त्यासाठी कुणी मदरबोर्ड बदला म्हणालं तर आधी सेल बदलून बघते म्हणा. आणि फॉरमॅट मारून संपलेला सेल भरत नाही, हे त्या भाच्याला सांगा.

कॉम्प्युटर चालू होत असेल तर आधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबलं की ते पडदे येतात. सेल काढल्यावर काही बोर्ड तिथल्या सेटिंग विसरतात, आणि मग विंडोज कुठून सुरू करायचं हेच यंत्राला कळत नाही. फोटो असले की पुन्हा तसं लावता येतं. मग बंद करा, प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचं सुरू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाईल. नायलॉनची साडी असेल तर हे जास्तच जरूर. सेल लगेच दिसतो, चकचकीत. कधी मोठ्या कार्डाखाली लपलेला असतो. बाजूला एक बारीक पत्र्याची खिटी असते, ती नखानं किंवा लाकडी काडीनं दाबली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. बस. पत्रा लावा, प्लग लावा, बायोसमध्ये तारीख-वेळ भरा.

घरात किंवा दुकानात मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून बघा. नवा तीनच्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या खाली असेल तर तुमचं निदान बरोबर होतं.

लॅपटॉप मात्र उघडू नका. काहींत हा सेल वायर लावून, प्लॅस्टिकच्या आवरणात चिकटवलेला असतो, काहींत वेगळा सेलच नसतो, मुख्य बॅटरीवरच घड्याळ चालतं. तिथे मुख्य बॅटरी पार उतरली तरी तारीख जाते. आधी रात्रभर चार्ज करून बघा.

आता जे सांगते ते लिहून घ्या, आणि घरात लहान मूल असेल तर सासूबाईंनाही ऐकवा. काढलेला सेल टेबलावर ठेवायचा नाही. एक मिनिटही नाही. लहान मुलानं हा सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो, हा बरोबर तिथे अडकण्याच्या मापाचा असतो. ओलावा लागला की त्यातून वीज वाहते आणि तिथली त्वचा आतून भाजत जाते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. कॉम्प्युटरसाठी संपलेला सेलही त्याला पुरतो, त्याच्यात तेवढी वीज असतेच. मूल लाळ गाळतं, खोकतं, खायला नको म्हणतं, छातीला हात लावतं. कधी कधी काहीच लक्षण दिसत नाही. नुसता संशय आला तरी थांबायचं नाही. उलटी करवायची नाही, केळं किंवा भात खायला घालून तो खाली ढकलायचा प्रयत्न करायचा नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं एक्स-रे असलेल्या दवाखान्यात जा आणि पोचल्याबरोबर सांगा, चपटा सेल गिळलाय. नाणं गिळलंय असं समजून उद्या बघू म्हणायला जागा ठेवू नका. शक्य असेल तर तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट बरोबर न्या. नाकात, कानात घातला तरी तितकीच घाई. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, झाकणाच्या डब्यात घाला आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात द्या. चुलीत टाकू नका, फुटतो.

आता चौथ्या चिठ्ठीकडे. साडेपाच तास. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर सेल ठीक आहे, स्फटिक ठीक आहे, भांडण जागतिक वेळेचं आणि भारतीय वेळेचं आहे. आपली वेळ ग्रिनिचच्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. चिठ्ठी लिहिणारी शाळेत आहे, आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत असं तिनं लिहिलंय. तिथेच गाठ आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच मिळवतं. लिनक्स वापरून विंडोज लावलं की सकाळचे अकरा असताना साडेपाच दिसतात. एकाच घरात दोन सुना, एक डब्यात साखर ठेवते आणि दुसरी त्याच डब्यात मीठ. दोघींपैकी एकीनं बदलायला हवं. लिनक्सला एका आज्ञेनं सांगता येतं की आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याला बोलवा, एवढं वाक्य त्याला ऐकवा, पाच मिनिटांत होतं.

एकच विंडोज असेल आणि तरी काही तासांचा फरक असेल, तर टाइम झोन बघा. वेळेवर उजवं बटण दाबून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जा. यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' ही ओळ निवडलेली हवी. नवा कॉम्प्युटर कधी कधी अमेरिकेच्या वेळेवर बसवलेला येतो. बारा तासांचा फरक असेल तर तो कुणीतरी सकाळ-संध्याकाळ उलटी केल्याचा. आणि तारीख ०३/०४ अशी दिसत असेल तर ती ३ एप्रिल आहे की ४ मार्च, हेही एकदा बघून घ्या. महिना आधी लिहायची पद्धत निवडली गेली असेल तर घड्याळ बरोबर असूनही नोंदी चुकतात, आणि तेरा तारीख उजाडेपर्यंत ते लक्षात येत नाही.

मुंबईच्या मैत्रिणींसाठी एक सांगू का? ही भारतीय वेळ १९०६ साली आली, पण मुंबईनं ती पुष्कळ वर्षं मानलीच नाही. तिथली घड्याळं एकोणचाळीस मिनिटं मागेच चालायची, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. घड्याळावरून भांडण काही कॉम्प्युटरनं सुरू केलेलं नाही.

राहिली दुसरी चिठ्ठी, वेबसाइट न उघडण्याची. मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, शेवटचे दोन दिवस आहेत आणि प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणते, असं त्या ताईंनी लिहिलंय. ताई, आधी तारीख बघा. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक ओळखपत्र असतं, त्याच्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरला २०१४ साल वाटतंय, तर त्याच्या दृष्टीनं ते ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तो दारातूनच परत पाठवतो. तारीख आणि साल नीट करा, ब्राउझर बंद करून उघडा, साइट उघडेल. त्या लाल पडद्यावर 'तरीही पुढे जा' असं कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं, ते मात्र दाबू नका. आज तारखेमुळे आलेला इशारा खोटा असेल, पण बँकेचं पान उघडताना उद्या खरा येईल, आणि तेव्हा हाताला दाबायची सवय लागलेली असेल.

फॉर्म भरून झाला की सेल बदला, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा तेच. इंटरनेट असेल तर त्याच सेटिंगमध्ये 'वेळ आपोआप लावा' हे चालू ठेवा. कॉम्प्युटर मग दूरच्या अचूक घड्याळाला विचारून स्वतःची वेळ जुळवतो. आपल्या देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. फक्त एक अडचण: वेळ फारच लांब गेली असेल, काही वर्षांनी वगैरे, तर विंडोज कधी कधी आपणहून जुळवायचं नाकारतं. आधी हातानं जवळ आणा, मग 'आत्ता जुळवा' दाबा.

सेल बदलून झाल्यावर मागच्या नोंदींचं काय, तेही बघा. चुकीच्या तारखेच्या दिवसांत साठवलेल्या फायली यादीत जुन्या म्हणून खाली गेलेल्या असतात. पेन ड्राइव्हवर नक्कल ठेवताना कॉम्प्युटर विचारतो, दोन्हीकडे एकाच नावाची फाइल आहे, नवी ठेवू का? तेव्हा तारखेवर जाऊ नका. दोन्ही फायली उघडून शेवटची नोंद कुठली आहे ते वाचा, मगच ठरवा. आणि त्या दिवसांच्या पावत्यांवर खाडाखोड करू नका. शेजारी खरी तारीख लिहून अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या घ्या, ठरावात एक ओळ घाला.

पुढच्या भागात मोबाइलची साठवण भरली की काय करायचं ते घेऊ. नमस्कार.